जिन्यातला उजेड

१

उद्धवराव पांढरीपांडे वकील अमरावतीच्या आपल्या घरात जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेले सापडले, तेव्हा जिन्यातला दिवा लख्ख लागलेला होता. नेमका हाच दिवा त्यांच्याकडे कामाला असलेल्या पौर्णिमेच्या मुळावर आला.

अंधार असता तर म्हातारा माणूस, त्यात नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय चुकला असेल, असं म्हणून पोलिसांनी प्रकरण मिटवलं असतं. पण पायऱ्या कोरड्या, कठडा भक्कम आणि वर उजेडच उजेड. डोकं खालच्या पायरीच्या कडेवर आपटलेलं, आणि उजवा हात कोपरात दुमडून तोंडावर आडवा आलेला. कुणी अंगावर धावून आलं की माणूस असाच हात वर करतो, हे तपास अधिकाऱ्यानं पंचांना स्वतः करून दाखवलं म्हणे. मागचं दार उघडं होतं. आणि घरात कोण, तर बडनेऱ्याहून रोज येणारी, साहेबांचं दुखणंखुपणं काढणारी पौर्णिमा. मी भाजी आणायला गेले होते, परत आले तर साहेब पडलेले, एवढंच ती सांगत राहिली. भाजीवाल्याला काही आठवेना. झालं. गरीब बाईला खुनी ठरवायला आपल्याकडे याहून जास्त काही लागत नाही.

तिचा नवरा देवमन रेल्वेत गँगमन. तो अकोल्याला आला आणि जठारपेठेतल्या अनुपमा राजूरकर वकिलांच्या ऑफिसात दाराशीच उभा राहिला.

"अमरावतीत वकिलांचा दुष्काळ पडला का हो?" अनुपमानं विचारलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, जिभेला धार, आणि ती धार पक्षकारांवरही चालवायची सवय.

"सगळ्याईले विचारून आलो, बाई. पांढरीपांडे सायबाच्या केसमंधी त्या बाजूनं कोनी उभं राहाले तयार नाई. सगळे त्याईच्याच हाताखालून गेलेले."

"मी पण त्यांच्याच हाताखालून गेलेय."

"मालूम हाय मले. म्हनूनच आलो. सायब कसे होते, थे तुमाले ठाऊक हाय. माह्या बायकोनं त्याईले मारलं असन, असं वाटते का तुमाले?"

अनुपमाला काय वाटत होतं ते तिचं तिलाच कळत नव्हतं. उद्धवरावांनी तिला वकिली शिकवली. उमेदवारीची सगळी वर्षं ती त्यांच्याच घरी राहिली, त्यांच्या मुलीच्या, चारुताच्या वेण्या घातल्या, शाळेत सोडलं. जन्मठेप होऊ घातलेली ही बाई निर्दोष असेल तर तिला सोडवणं हे साहेबांनीच शिकवलेलं काम होतं. आणि नसेल तर? अनुपमानं वकीलपत्रावर सही घेतली.

संध्याकाळपर्यंत ही बातमी फिरली आणि फोन वाजला. चारुता होती. ती दोन गल्ल्या सोडूनच राहायची.

"अनुताई, तू त्या बाईची केस घेतलीस? माझ्या बाबांना मारलं तिनं!"

२

थोड्याच वेळात चारुता ऑफिसात आली, तेव्हा तिचे डोळे रडून सुजले होते. स्मशानातही भावापेक्षा, श्रेयसपेक्षा तीच जास्त रडली होती. अनुपमानं तिला बोलू दिलं.

"घरातले दिवे श्रेयसनं पुण्याहून बसवून घेतले," ती सांगू लागली. "ऑपरेशनच्या आधी. माणूस पाठवला, पैसे दिले, संपलं त्याचं कर्तव्य. पण तो कधी लावायचा नाही. मी लावायची. रोज दिवेलागणीला, इथून, फोनवरून. घर अंधारात बसलेलं बाबांना खपायचं नाही ना."

"रोज?"

"एकही दिवस चुकवला नाही. सासूबाई हसायच्या, हिचे देव दोन गावांत आहेत म्हणून."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही." चारुतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "फोनवर बघत होते मी. रोजच्यासारखा हळूहळू चढत गेला, पूर्ण भरला, मग मी आमच्या देवापुढे लावायला उठले. म्हणजे बाबा अंधारात नाही पडले, अनुताई. त्यांना कुणीतरी पाडलं. आणि घरात ती एकटी होती."

हेच तिनं पोलिसांनाही सांगितलं होतं. पौर्णिमेच्या गळ्यातला फास मुख्यतः या जबाबाचा होता. तू स्वतः तेव्हा कुठे होतीस, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. रोज अकोल्यातून बापाच्या घरी दिवा लावणारी लेक त्या वेळी अकोल्यातच असणार, यात विचारण्यासारखं काय होतं? अनुपमालाही ते सुचलं नाही.

"शेवटची कधी गेली होतीस त्यांच्याकडे?"

"दिवे बसवल्यावर एकदाच. सकाळची गाडी, दुपारची परत. यांचा डबा, मुलांचे क्लास... संध्याकाळची थांबायला कधी जमलंच नाही गं." तिला पुन्हा रडू फुटलं. "पण दिवा लावायला नाही विसरले."

निघताना तिनं अनुपमाचा हात घट्ट धरला. "तू आमची आहेस. तू त्या बाजूला उभी राहू नकोस."

३

कोठडीच्या मुलाखतीला पौर्णिमा खाली मान घालून बसली. चाळिशीची, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं मनात आणलं असतं तर सुकलेल्या उद्धवरावांना एका हातानं ढकललं असतं, हे अनुपमाच्या मनात येऊन गेलंच.

"साहेबांशी भांडण झालं होतं?"

"रोजच होये. जेवले नाई का मी बोलो, दवा नाई घेतली का बोलो. त्याले भांडन म्हनत असान तं म्हना."

"तू आलीस तेव्हा जिन्यातला दिवा लागलेला होता?"

"हो. मले गेटातूनच दिसला."

"तू लावला होतास?"

पौर्णिमेनं पहिल्यांदा वर पाहिलं. "म्या? त्या बटनाले हात कोन लावन? म्या सोता त्याच्यावर चिकटपट्टी मारून ठेवली होती. भितीवरचं बटन दाबलं का दिवा एकदम आंगावर येते. फोनवरून लावला तं आस्ते आस्ते येते. सायबाच्या डोयात दवा टाकेल राहे, उजेड सुईवानी टोचे त्याईले. म्हनून पट्टी. सायबानं त्या दिवेवाल्या पोराले दहा डाव सांगतलं, हे बटन बी हळू कर बाप्पा. थो आज येतो, उद्या येतो करून राह्यला."

"मागचं दार कुणी उघडलं?"

"मले नाई मालूम."

"घरात दुसरं कुणी आलं होतं?"

पौर्णिमा आपल्या तळहातांकडे पाहत बसली.

"तू आलीस तेव्हा साहेब जिवंत होते? डॉक्टर म्हणतात, पडल्यावर थोडा वेळ होते."

"काई बोलले नाईत," पौर्णिमा म्हणाली. अनुपमानं बोलल्याबद्दल विचारलंच नव्हतं.

बाई काहीतरी लपवते आहे, एवढं कळायला वकिली लागत नाही. अनुपमा चिडून उठली. आपण खुनी बाईची केस घेतली की काय, ही शंका तिच्या डोक्यात शिरली ती अमरावतीच्या घराच्या फाटकापर्यंत निघाली नाही.

४

श्रेयसनं कुलूप उघडलं, पण कपाळावरची आठी काही काढली नाही. तो बापाच्या दिवसांसाठी आला होता आणि घर विकायच्या वाटाघाटी करून जाणार होता. बापलेकांत याच घरावरून बोलणं बंद झालं होतं, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक.

"तुझ्याही फोनवर हे दिवे आहेत ना?" अनुपमानं विचारलं.

"आहेत. आणि त्या संध्याकाळी मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, वीस माणसांसमोर. पुण्यातून बटण दाबून मी बाबांना पाडलं असं म्हणायचंय का तुला?"

तेच तिच्या मनात होतं. बाप जिन्याच्या मध्यावर असताना पुण्यातून दिवा घालवायचा, तो पडला की पुन्हा लावायचा. वीस माणसांसमोर खिशातल्या फोनवर अंगठा फिरवायला कितीसा वेळ लागतो? अनुपमानं दिवे बसवणाऱ्या शुभमला बोलावून घेतलं होतं. पोरगा तरतरीत, गळ्यात कंपनीचं कार्ड, आणि आपल्या मालाला नाव ठेवलेलं न चालणारा. साहेबांनी आपल्याला फोनवर झापलं होतं, याचाही त्याला अजून राग होता.

"पयले हे समजून घ्या, मॅडम," तो म्हणाला. "दिवा किती वेळात चढायचा त्याले रॅम्प रेट म्हन्तात. फोनवरचा वेगळा आन् भिंतीच्या बटनाचा वेगळा. दोन्ही अलग अलग सेट करा लागते. फोनवाला म्या अर्ध्या मिनटाचा ठेवला, साहेबाच्या डोळ्यासाठी. घालवतानी बी तसाच हळू उतरते. बटनाचा कंपनीतून येते तसाच राह्यला, एकदम. करून देनारच होतो."

"फोनवरून एकदम लावता येत नाही? किंवा एकदम घालवता?"

"नाई. साहेबानं लॉक कराले लावलं होतं. बदलला असता तं माह्याकडे विचारना झाली असती."

"आणि आधी कुणी भिंतीवरून लावला, मग फोनवरून लावला तर?"

"तं फोन दाखवन का लागलेलाच हाय. चढाले जागाच कुठं हाय मंग?"

"तू त्या संध्याकाळी कुठे होतास?"

शुभमचा चेहरा पडला. "बडनेऱ्याले. एका हॉलच्या झुंबराचं काम होतं, मालक डोक्यावर उभा होता. म्हनून तं इथं येनं राह्यलं ना."

अनुपमा बटणाजवळ गेली. ते जिन्याच्या पायथ्याशी, मागच्या दाराकडून येताना डाव्या हाताला होतं. त्याच्यावर पट्टी नव्हती. खाली, भिंतीच्या कडेला, तपकिरी चिकटपट्टीचा चुरगळलेला बोळा पडला होता. पंचनामा करणाऱ्यांनी तो कचरा म्हणून सोडून दिला असावा.

ती तो उचलायला वाकली, तोच समोरच्या घरातून खणखणीत हाक आली.

"वकीलबाई! थो दिवा पाहून राहिल्या का? मले कोनी इचारलंच नाई वं त्याचं!"

५

गोदाबाई समोरच्या दुमजली घराच्या मालकीण. वरुडकडे त्यांच्या संत्र्याच्या बागा, इथे नातवंडांच्या शिक्षणासाठी बांधलेलं घर, आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी पांढरीपांड्यांच्या जिन्यासमोर. तिथून काय काय दिसतं याचा त्यांना रास्त अभिमान होता.

"बसा. चहा ठेवते," त्या म्हणाल्या आणि न थांबता पुढे सुरू झाल्या. "दिवेलागनीले थो दिवा लागला का मी हात जोडतो. दुसऱ्याच्या घरचा असला म्हनून काय झालं, लक्ष्मी तं लक्ष्मीच. आमच्या घरच्या ट्यूबलायटीपुढं काय हात जोडाव? लुकलुक लुकलुक करते थे. पन सायबाचा दिवा असा येये का देवळात समई लावावं. पयले पिवया, मंग अजून पिवया, मंग भरते. मले तं त्याच्यात हात धुवाले, पदर डोक्यावर घ्याले टाइम भेटे."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी हात कनकीत होते माहे. समोर पाह्यलं तं जिन्यात अंधार. म्हनलं, आज चारूनं उशीर केला वाटते. आन् मी तोंड फिरवतो न फिरवतो तं भक्कन! एकदम पांढरंफेक. मी तशीच, कनकीच्या हातानं, हात जोडले. कपायाले कनीक लागली. सून इतकी हासली, इतकी हासली. इचारा तिले."

आतून सून म्हणाली, "हो, खरं आहे. दोन दिवस चिडवत होते मी त्यांना."

अनुपमानं कप खाली ठेवला. "त्याच्या आधी दिवा लागून गेला, असं झालं नाही ना? लागला, गेला, परत लागला?"

"काहून? मी का तिथून हालली होती का? अंधार होता, मंग भक्कन झालं. एकच डाव. मंग मी पोया लाटाले बसली, आन् पौर्णिमेची बोंब आयकू आली."

"पोलिसांना सांगितलंत?"

"त्याईनं इचारलं, दिवा होता का? म्या म्हनलं होता. कसा लागला, थे कुठं इचारलं त्याईनं?"

म्हणजे पुण्याहून दिवा घालवणं आणि पुन्हा लावणं, हे काही झालंच नव्हतं. श्रेयस सुटला. आणि दिवा फोनवरून लागलाच नव्हता. त्या बटणावर कुणाचं तरी बोट होतं.

६

अनुपमाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. दिवेलागण व्हायची वेळ झालीच होती. गोदाबाईंना खिडकीत उभं केलं, शुभमला फोन घेऊन खाली, आणि ती स्वतः जिन्याच्या वळणावर जाऊन थांबली. आत सगळं करडं झालं होतं.

"फोनवरून लाव."

आधी काही झालंच नाही असं वाटलं. मग पायऱ्यांच्या कडा दिसू लागल्या, मग कठडा, मग भिंतीवरचा साहेबांचा काळ्या कोटातला फोटो. डोळ्यांना काही कळायच्या आत जिना भरून गेला होता. समोरून गोदाबाई ओरडल्या, "हा रोजचा!"

दिवा घालवला. तो मावळेपर्यंत थांबून, अंधाराला डोळे सरावल्यावर ती म्हणाली, "आता बटण."

पांढरा झोत तिच्या तोंडावर आला. तिच्या डोळ्यांत तर औषधही नव्हतं, तरी तिला क्षणभर काही म्हणता काही दिसेना. तिनं पुढचा पाय कुठे टाकला ते कळलं नाही. डाव्या हातानं कठडा सापडला म्हणून वाचली.

"हाच! हाच त्या दिवशीचा!" गोदाबाईंचा आवाज आला.

अनुपमा जागची हलली नाही. तिचा उजवा हात कोपरात दुमडून डोळ्यांवर आडवा आला होता. तो तिनं आणला नव्हता, आपोआप आला होता. साहेबांच्या अंगावर कुणी धावून आलंच नव्हतं. त्यांनी उजेड अडवायला हात वर केला होता, आणि कठड्यावरचा हात सुटला होता.

ती पायरीवर बसली. मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं. मग बटण दाबलं कुणी? पट्टी लावणारी पौर्णिमा दाबणार नाही. शुभमला तर बटणाची खोड पुरती माहीत, आणि तो बडनेऱ्याला. श्रेयस पुण्यात. या घरात दिवे बसल्यापासून एक संध्याकाळही न काढलेलं माणूसच ती पट्टी काढून बटण दाबेल. आणि एवढ्या सगळ्यांत एकाच माणसानं सांगितलं होतं, की त्या दिवशी दिवा हळूहळू चढताना मी पाहिला.

ज्या मुलीच्या अनुपमानं वेण्या घातल्या होत्या, तिच्यासाठी दुसरं काही उत्तर सापडावं म्हणून ती बराच वेळ त्या पायरीवर बसून राहिली. सापडलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी चारुता घरी एकटीच होती. अनुपमानं तिला गोदाबाईंची कणीक सांगितली, शुभमचे दोन वेग सांगितले.

"मग पौर्णिमेनंच दाबलं असेल," चारुता म्हणाली. "म्हणजे मी म्हणते तेच झालं."

"असेल. पण मग तुझ्या फोनवर हळूहळू चढलेला दिवा कुठला, चारू? त्या जिन्यात आधी अंधार होता आणि मग एकदम उजेड. दिवा एकदाच लागला. भिंतीवरून लागला असेल तर तुझ्या फोनवर चढायला काही उरतच नव्हतं. तू जे पाहिलं म्हणतेस ते घडलेलंच नाही."

चारुतानं पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

"तुला माहीत असलेला दिवा हळूच चढतो. तू तोच सांगितलास. भिंतीचा कसा लागतो ते तुला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, पण सांगताना सवयीचा सांगून गेलीस."

मग चारुता बोलायला लागली, कुणी दुसऱ्याचंच सांगत असावं तशी.

"बाबा रोज फोनवर म्हणायचे, लांबून काय लावतेस, एकदा येऊन हातानं लाव. दर वेळी मी म्हणायची, येते. त्या दिवशी हे नागपूरला, मुलं आजीकडे. म्हटलं जाऊ. सांगितलं नाही, चकित करू म्हटलं. मागच्या दाराची किल्ली कुंडीखाली असते. आत गेले तर बाबा वरून उतरत होते. वळणावर थांबले, दिव्याची वाट बघत. मी फोन काढलाच नाही. भिंतीवर चाचपडले, पट्टी लागली, ओढून काढली..."

"हाक नाही मारलीस?"

"उजेडात दिसावी म्हणून नाही मारली."

अनुपमानं डोळे मिटले.

"ते पडले. हलेनात. मला वाटलं गेले. तेवढ्यात गेटची कडी वाजली, पौर्णिमा आली. आणि माझे पाय निघाले, अनुताई. मी नाही निघाले, पाय निघाले. बडनेऱ्याला येऊन गाडीत बसले तेव्हा मला कळलं, मी काय केलं."

"तेव्हा फोन करायचा. ते जिवंत होते."

"मला माहीत नव्हतं!"

"दुसऱ्या दिवशी माहीत होतं. तिला धरून नेलं तेव्हा माहीत होतं."

"मला वाटलं, पुरावा नाही, सोडतील तिला."

"पुरावा तूच दिलास. दिवा मी लावला, बाबा अंधारात नव्हते, कुणीतरी पाडलं. हे कुणी शिकवलं तुला?"

चारुतानं पूर्वीसारखा अनुपमाचा हात धरला. "तू हुशार आहेस. तू तिला तशीही सोडवशील, साक्षीदार उभे करून. माझं नाव न घेता. बाबांचा जीव माझ्या हातून गेला, हे मी माझ्या मुलांना कसं सांगू? तू आमची आहेस ना?"

तिच्या हातून बाप गेला याचं अनुपमाला वाईट वाटत होतं, मनापासून वाटत होतं. त्यात तिचा काही दोष नव्हता, कुणाचाच नव्हता. पण देवमनची बायको गजाआड बसलेली असताना ही मुलगी रोज जेवली, झोपली, आणि वर आपल्याला फोन करून तिला खुनी म्हणाली. अनुपमानं हात सोडवून घेतला.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "अमरावतीला जायचंय."

८

चारुतानं जबाब दिला. कायद्याच्या दृष्टीनं तो अपघात ठरेल, खोट्या जबाबाचं काय व्हायचं ते पुढे होईल. श्रेयसनं अनुपमाला फोन करून घर फोडणारी बाई म्हटलं. तो बोलून थकेपर्यंत तिनं ऐकून घेतलं.

पौर्णिमा सुटली त्या सकाळी अनुपमा मुद्दाम गाडी घेऊन गेली. देवमन बायकोची पिशवी धरून उभा होता. पौर्णिमेनं नमस्कार केला, पण हसली नाही.

"चला, बडनेऱ्याला सोडते," अनुपमा म्हणाली. मग तिच्यानं राहवेना. "एक सांग. तू त्यांना पाहिलंस तेव्हा ते बोलले होते ना?"

पौर्णिमेनं नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"बोलले. म्या डोक्शाखाली हात घातला तं म्हने, चारू आलती. मले दिसली. म्हने, तिचं नाव कोनाले सांगू नको, पौर्णिमा, तुले माही आन हाय. मंग गेले."

"तुला माहीत होतं? इतके दिवस?"

"मले वाटलं, पोटची लेक हाय, भेली असन, येईन दोन रोजात आन् सांगन. मी वाट पाहून राहिली होती. कोठडीचं दार वाजलं का वाटे, आली." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "आन राहू द्या, बाई. आन म्या चौथ्याच दिवशी मोडली असती. मलेबी लेकरं हायेत. पन सांगाव कोनाले?"

"मला! मी तुझी वकील होते. मला काहून नाही सांगितलंस?"

पौर्णिमेनं तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं.

"तुमी त्याईच्या घरात राह्यलेल्या. चारुताताईच्या तुमी अनुताई. कामवाली बाई कोठडीत बसून म्हन्ते का सायबाच्या लेकीनं केलं, आन् सायब मरतानी मलेच सांगून गेले, दुसरं कोनी आयकलं नाई. तुमी मानलं असतं?"

मानलं असतं, असं म्हणायला अनुपमानं तोंड उघडलं. पौर्णिमा समोर उभी राहून उत्तराची वाट पाहत होती. देवमनही पाहत होता. अनुपमाला खोटं बोलायची लाज वाटली.

"जाऊ द्या," पौर्णिमा म्हणाली. तिनं नवऱ्याच्या हातातून पिशवी घेतली, आणि दोघं रस्ता ओलांडून बडनेऱ्याच्या ऑटोत जाऊन बसली.